सायलेन्सरच्या आत गॅस किती तापलेला असतो? अंदाज काढायची पद्धत, पहिल्यापासून

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या भोसरीच्या गॅरेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं यायला लागतात, आणि त्यात एक-दोन ग्रुपचा प्रोजेक्ट ठरलेला, सायलेन्सरच्या उष्णतेवर वीज बनवायची. हातात इन्फ्रारेड गन असते, ती बाइकच्या चकचकीत बेंड पाइपवर धरतात, १२५ आकडा आला की वहीत लिहितात "एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर १२५ डिग्री" आणि त्या भरवशावर बाजारातली साधी पेल्टियर प्लेट (एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवली की वीज देणारी) पाइपला आवळतात. ती प्लेट असते १३८ डिग्रीपर्यंत टिकणारी, पाइप खरा असतो ३०० च्या घरात, मग थोड्या वेळात आतलं सोल्डर सुटतं आणि प्लेट गेली. पोरांचे पैसे जातात, आठवडे जातात, वाईट वाटतं बघून. चूक एकच असते. गॅसचं टेम्परेचर एक, पाइपच्या पत्र्याचं दुसरं, आणि गन दाखवते ते तिसरं. हे तीन आकडे डोक्यात वेगळे ठेवलेत तर घरच्या सामानातही बऱ्यापैकी खरा अंदाज निघतो, तो कसा काढायचा ते सगळं इथे सांगतो.

आधी एक ठरवा, की तुम्हाला नक्की कुठलं टेम्परेचर पाहिजे. आपण सरसकट सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो पण हेडमधून गॅस बाहेर पडतो तिथे (याला पोर्ट म्हणतात), कॅटच्या म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतर, आणि मागच्या टोकाला, या तीन ठिकाणचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नसतात. उघड्या पाइपात गॅस दर मीटरला ५० ते १०० डिग्री गमावतो, मी खाली एक हिशोब देणार आहे त्यात ७० येतात. त्यामुळे "माझ्या गाडीचं एक्झॉस्ट टेम्परेचर" असा एक आकडा नसतोच, पोर्टपासून किती सेंटीमीटरवर आणि इंजिनवर किती लोड असताना हे सोबत लिहिलंत तरच त्या आकड्याला अर्थ.

पायरी पहिली, कागदावरचा अंदाज

काही मोजायच्या आधी हे करा, म्हणजे मीटरनं काहीही दाखवलं तर तुम्हाला लगेच कळेल की हे शक्य आहे का नाही.

एक किलो पेट्रोल जळलं की साधारण ४३,००० किलोज्यूल उष्णता निघते, आणि इंजिन चांगलं ओढत असेल तेव्हा त्यातला ढोबळ एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून जातो, म्हणजे १४,३०० च्या आसपास. एका किलो पेट्रोलला हवा लागते १४.७ किलो, म्हणजे गॅस तयार होतो १५.७ किलो. १४,३०० ला १५.७ नं भागा, ९१० आले, म्हणजे दर किलो गॅसमागे ९१० किलोज्यूल. गरम गॅसची विशिष्ट उष्णता १.१५ धरा, ९१० भागिले १.१५ म्हणजे ७९०, त्यात बाहेरच्या हवेचे ३० मिळवा, झाले ८२० डिग्री. पोर्टजवळ, लोडवर. फुल थ्रॉटलला पेट्रोल गाडी ८५० ते ९५० पर्यंत जाते, म्हणजे आपला कागदावरचा आकडा बरोबर गल्लीत आहे. (आता पंपावर ई-२० असतं त्याला हवा कमी लागते, साधारण १३.५ पट, पण त्यात उष्णताही तेवढीच कमी असते, म्हणून उत्तर फार हलत नाही.)

डिझेलला हाच हिशोब करून बघा, मजा कळेल. डिझेलमध्ये हवेवर कंट्रोल नसतो, हवा जवळपास पूर्ण येते आणि लोडप्रमाणे फक्त डिझेल कमी-जास्त होतं. मध्यम लोडला हवा ३० पट असेल तर ४२,५०० चे ३० टक्के १२,७५०, ते ३१ किलो गॅसमध्ये वाटले की ४११, भागिले १.१ म्हणजे ३७४, अधिक ३०, म्हणजे ४०० डिग्री. हलक्या लोडला हवा ६० पट झाली की तेच उत्तर २२० वर येतं. डिझेल गाडी ट्रॅफिकमध्ये रांगत असते तेव्हा तिचा एक्झॉस्ट इतका थंड का असतो याचं कारण हे, आणि बीएस-६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, शहरात फिरून का तुंबतो याचंही कारण हेच, कारण आतली काजळी जाळायला ६०० च्या आसपास लागतात आणि गॅस तिथपर्यंत पोचतच नाही, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा डिझेल मारून मुद्दाम तापवतो.

एक लक्षात ठेवा, पेट्रोल गाडीला आयडलवर हा हिशोब लावू नका. आयडलला गॅस इतका कमी आणि हळू असतो की बरीचशी उष्णता हेड आणि कूलंटच घेऊन टाकतात, पोर्टवर ३००-४०० च मिळतात.

पायरी दुसरी, पत्र्याचं टेम्परेचर नीट मोजणं

इथेच सगळे फसतात म्हणून इथे जरा थांबतो.

इन्फ्रारेड गन टेम्परेचर मोजत नाही, ती पृष्ठभागातून येणारं रेडिएशन मोजते आणि तो पृष्ठभाग काळा-मॅट आहे असं गृहीत धरून आकडा दाखवते. पृष्ठभाग किती रेडिएशन देतो याच्या आकड्याला एमिसिव्हिटी म्हणतात, स्वस्त गनमध्ये ही सेटिंग ०.९५ ला फिक्स असते. गंजलेला लोखंडी पाइप ०.८ च्या आसपास असतो त्यामुळे तिथे चूक होते पण सांभाळता येते. चकचकीत स्टेनलेस किंवा क्रोम मात्र ०.१ ते ०.३, म्हणजे तो स्वतःचं थोडंसंच रेडिएशन देतो आणि उरलेलं आजूबाजूच्या थंड भिंतींचं परावर्तन गनला पाठवतो. खरा ३०० डिग्रीचा चकचकीत पाइप गनवर १०० ते १५० मध्ये काहीतरी दाखवतो. पोरांचा तो १२५ इथूनच येतो. गन खराब नाही, पाइप आरसा आहे.

उपाय सोपा. पेंटच्या दुकानात सायलेन्सरला मारायचा मॅट काळा हीटप्रूफ पेंट मिळतो, पाइप थंड असताना पॉलिश पेपरनं घासून, पुसून, चौकोनी दोन इंचाचा ठिपका मारा आणि सुकू द्या. पहिल्यांदा तापेल तेव्हा थोडा धूर येतो आणि वास येतो, घाबरू नका, एकदा भाजला की बसतो. आता गन त्या ठिपक्यावरच धरायची. गनवर १२ : १ लिहिलेलं असेल तर ३० सेंटीमीटरवरून ती अडीच सेंटीमीटरचा गोल बघते, पाइप साडेचार सेंटीमीटरचा, म्हणजे ३० सेंटीमीटरपेक्षा लांब जायचं नाही, नाहीतर पाइपच्या मागची जमीन पण त्या सरासरीत येते. लेझरचा लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजण्याशी त्याचा संबंध नाही. गन सरळ समोरून धरा, तिरकी नको.

गाडी मोकळ्या जागेत लावा, बंद गॅरेजात किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागलं तेव्हाच बऱ्याचदा उशीर झालेला असतो. खाली वाळलं गवत नको. वारा नसलेली वेळ बघा आणि टेबल फॅन बंद ठेवा, वाऱ्यानं पाइप थंड होतो आणि पुढचा हिशोब बिघडतो. हँडब्रेक, न्यूट्रल, एकानं सीटवर बसून अ‍ॅक्सिलेटर एका जागी धरायचा, दुसऱ्यानं रीडिंग घ्यायचं, ते एकट्याचं काम नाही. २५०० आरपीएम धरून दर मिनिटाला रीडिंग लिहा, सलग तीन रीडिंग जवळजवळ सारखी आली की मगच आकडा पक्का धरा, याला दहा मिनिटं तरी लागतात कारण पाइपचा पत्रा तापायला वेळ घेतो.

पायरी तिसरी, पत्र्यावरून गॅसकडे

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि दिसतो तेवढा अवघड नाही. तत्त्व एवढंच की पाइप तापून स्थिर झालाय म्हणजे गॅसकडून पत्र्यात जेवढी उष्णता येते तेवढीच पत्र्याकडून बाहेर जाते. बाहेर किती जाते हे आपल्याला काढता येतं. मग उलटं जायचं, की एवढी उष्णता पत्र्यात ढकलायला गॅस पत्र्यापेक्षा किती गरम पाहिजे.

उदाहरण घेऊ. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, उभी, २५०० आरपीएम, कॅटनंतरचा पाइप, आतला व्यास ४२ मिलिमीटर, काळ्या ठिपक्यावर रीडिंग २२० डिग्री, बाहेर हवा ३०.

बाहेर जाणारी उष्णता दोन वाटांनी जाते. पहिली, हवा लागून. वारा नसताना तापलेल्या आडव्या पाइपला गुणांक (दर चौरस मीटरला, दर डिग्री फरकामागे किती वॅट जातात तो आकडा) १० धरा, १० गुणिले (२२० वजा ३०) म्हणजे १९००. दुसरी, रेडिएशननं. यासाठी टेम्परेचर केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे २७३ मिळवायचे, २२० चे ४९३, ३० चे ३०३. मोठे आकडे टाळायला १०० नं भागून घ्या, ४.९३ चा चौथा घात ५९१, ३.०३ चा चौथा घात ८४, वजाबाकी ५०७, गुणिले रेडिएशनचा ठरलेला स्थिरांक ५.६७, गुणिले गंजक्या पत्र्याचा ०.८, आले साधारण २३००. आणि ठिपका काळा असला तरी इथे ०.८ च घ्यायचं, कारण उष्णता बाहेर टाकणारा पाइप गंजकाच आहे. दोन्ही मिळून ४२००, म्हणजे दर चौरस मीटरला ४२०० वॅट.

आता आतला गुणांक पाहिजे, आणि तो गॅस किती वाहतोय यावर ठरतो. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला ब्लूटूथ ओबीडी रीडर लावून एमएएफ, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं वजन, बघा, आपल्या गाडीत दर सेकंदाला ७ ग्रॅम हवा धरली, त्यात पेट्रोल मिळवून साडेसात ग्रॅम गॅस. एमएएफ नसेल आणि मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) असेल तरी चालतं. १.२ लिटर, २५०० आरपीएम, चार स्ट्रोक म्हणजे निम्म्या फेऱ्यांना हवा, १५०० लिटर मिनिटाला, २५ लिटर सेकंदाला. एका लिटर हवेचं वजन १.१५ ग्रॅम, म्हणजे पूर्ण भरली असती तर २९ ग्रॅम. मॅप ३० किलोपास्कल दाखवतो म्हणजे ३० टक्के, ८.७, आणि सिलेंडर पूर्ण भरत नाही म्हणून त्याचे ८०-८५ टक्के, परत सातच्या आसपासच आलो. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की मला फार बरं वाटतं, तुम्हीही अशी सवय लावा.

ज्यांनी हीट ट्रान्सफर शिकलंय त्यांनी डिटस-बोल्टर लावून बघा, रेनॉल्ड्स नंबर ७,००० च्या जवळ येतो, नसेल्ट २४ आणि गुणांक ३०. ज्यांनी शिकलेलं नाही त्यांनी हा ३० चा आकडाच पाया धरा आणि स्वतःच्या गाडीसाठी बदला : तुमचा गॅस ग्रॅममध्ये भागिले ७.५, त्याचा ०.८ घात, आणि ४२ भागिले तुमच्या पाइपचा व्यास, त्याचा १.८ घात, दोन्हीनी ३० ला गुणा. गॅस दुप्पट झाला की गुणांक १.७४ पट होतो. मोबाइलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

शेवटची पायरी भागाकाराची, ४२०० भागिले ३० म्हणजे १४०. गॅस पत्र्यापेक्षा १४० नं गरम, २२० अधिक १४०, ३६० डिग्री. पण थांबा, एक्झॉस्टचा गॅस नळाच्या पाण्यासारखा सरळ वाहत नाही, तो धक्क्याधक्क्यानं येतो, आणि त्या धक्क्यांमुळे पत्र्याला जास्त उष्णता मिळते, गुणांक पुस्तकातल्यापेक्षा दीडपट किंवा आणखी वर जातो. दीडपट धरला तर ४५, फरक ९३, गॅस ३१३. म्हणून उत्तर असं लिहायचं, गॅस ३१० ते ३६० च्या मध्ये. एकच आकडा लिहून मोकळं होऊ नका, या पद्धतीत एवढी पट्टी राहणारच, पण २२० पेक्षा ती कितीतरी खरी आहे.

मगाशी म्हटलेला मीटरमागे ७० डिग्रीचा हिशोब पण यातूनच. पाइपचा बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर, एका मीटरचं क्षेत्रफळ ०.१४१, गुणिले ४२००, म्हणजे ५९४ वॅट बाहेर जातायत. सेकंदाला साडेसात ग्रॅम गॅस एक डिग्रीनं थंड व्हायला, विशिष्ट उष्णता १.१ धरून, ८.२५ वॅट. भागा, ७२. म्हणजे याच पाइपावर एक मीटर पुढे इंजिनच्या दिशेला गॅस ४०० च्या आसपास असणार. अशानं कॅटच्या तोंडापर्यंतचा अंदाज घेता येतो, पण कॅट ओलांडून हा हिशोब नेऊ नका, कॅटच्या आत स्वतःची उष्णता तयार होते.

पायरी चौथी, थर्मोकपल आत घालून खात्री

अंदाज आला, आता जमत असेल तर आत प्रोब घालून बघा. बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींच्या जोडावरून टेम्परेचर सांगणारा सेन्सर) सहज मिळतं. मल्टिमीटरबरोबर येणारी बारीक मणीवाली वायर यासाठी वापरू नका, मीटर १००० पर्यंत दाखवत असला तरी त्या वायरचं आवरण त्याच्या कितीतरी आधी जळतं. स्टेनलेसच्या नळीतलं ३ मिलिमीटरचं प्रोब मागा, पोर्टजवळ ८०० च्या वर जाणार असेल तर इन्कोनेलचं, आणि "अनग्राउंडेड", म्हणजे आतली वायर नळीला न टेकलेलं, म्हणून सांगा. हे का ते ऐका. थर्मोकपल वाचायला मॅक्स ३१८५५ मॉड्यूल वापरणार असाल तर ग्राउंडेड प्रोब पाइपला लागून बॉडीशी जोडला जातो आणि मॉड्यूल शॉर्ट समजून एरर देत बसतं. मॅक्स ६६७५ स्वस्त आहे, १०२४ डिग्रीपर्यंत मोजतं, बहुतेक कामांना पुरतं.

वायरच्या रंगात नवा माणूस हमखास चुकतो. पिवळ्या आवरणाच्या केबलमध्ये लाल वायर निगेटिव्ह असते, हो, लाल निगेटिव्ह, पिवळी पॉझिटिव्ह. हिरव्या आवरणाच्या केबलमध्ये हिरवी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. उलटं लागलं तर गरम केल्यावर आकडा खाली जातो, ते लगेच कळतं. वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नका, जोड जिथे असेल तिथल्या गरमीएवढी चूक रीडिंगमध्ये येते, इंजिनजवळ जोड ९० डिग्रीला आणि मॉड्यूल ३५ ला असेल तर ५५ डिग्री कुठे गायब झाले हे शोधत बसाल. मी स्वतः एक अख्खा रविवार त्यात घालवलाय. के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल घ्या.

बसवायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. मुंबईत १००, पुण्यात ९८, महाबळेश्वरला ९५-९६ यायला पाहिजे. दोन-तीन डिग्री इकडे-तिकडे चालतं.

भोक पाडायचं तर पाइप गाडीवरून काढून घ्या, म्हणजे बुरादा आत राहत नाही, गाडीवरच पाडलात तर तो कॅटमध्ये नाहीतर टर्बोमध्ये जाईल. त्यावर एम ८ चा स्टेनलेसचा नट टिगनं वेल्ड करून घ्या, कॉम्प्रेशन फिटिंगमधून प्रोब घाला. टोक पाइपच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे, ४२ च्या पाइपला २१ मिलिमीटर. टोक भिंतीजवळ राहिलं तर प्रोबमधूनच उष्णता बाहेर पळते आणि रीडिंग कमी येतं. टर्बोच्या आधी बसवायचं असेल तर प्रोब चांगल्या प्रतीचा घ्या, तुटला तर तुकडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

प्रोबचं रीडिंग म्हणजे गॅसचं खरं टेम्परेचर असंही नसतं हं. प्रोब गॅसकडून तापतो पण त्याच वेळी आजूबाजूच्या थंड पत्र्याकडे रेडिएशननं उष्णता टाकतो, म्हणून तो नेहमी कमीच दाखवतो. ३०० ला हा फरक फारसा जाणवत नाही, ६५० ला, पत्रा ४५० ला असताना, ५० डिग्री आरामात जातात. शिवाय ३ मिलिमीटरचा प्रोब काही सेकंदांनी मागे असतो, आणि १२०० आरपीएमवरच्या सिंगल सिलेंडर बाइकमध्ये सेकंदाला १० धक्के येतात, त्यामुळे तुम्हाला दिसते ती सरासरी, प्रत्येक धक्क्याची टोकं त्याच्या बरीच वर असतात.

काही मोजायची सोय नसेल तर पाइपचा रंग वाचा. स्टेनलेसवर पिवळट छटा आली म्हणजे पत्रा कधीतरी ३०० च्या आसपास गेला होता, तपकिरी ३९०, जांभळट ४५०, निळा ५४०, गडद निळा ६००. साध्या लोखंडाला निळा रंग ३०० लाच येतो, म्हणून धातू कुठला ते आधी बघा, नाहीतर अडीचशे डिग्रीची गफलत होते. अंधारात पाइप जेमतेम लाल दिसायला लागला तर पत्रा ५०० च्या पुढे गेलाय, आणि साध्या क्रूझिंगनंतर असं दिसत असेल तर टायमिंग मागे गेलंय का किंवा मिसफायर होऊन पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतंय का ते आधी तपासा, मोजमाप नंतर.

काम झालं की पाइप पूर्ण थंड होऊ द्या, तासभर तरी, मग प्रोब काढा आणि त्या नटात तांब्याचा वॉशर घालून बोल्ट बसवा, थ्रेडला अँटी-सीझ लावा नाहीतर पुढच्या वेळी तो बोल्ट निघणार नाही. मग गाडी चालू करून पाइप गरम व्हायच्या आत साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. हे भोक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर हे चुकवू नका, कारण तिथून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि गाडीवाला पुढच्या आठवड्यात परत दारात उभा असतो.